नारळाच्या झाडावरून पडल्यास : अस्थिभंगाची तातडीची पाहणी आणि प्रथमोपचार

कावेरीच्या मुखाजवळील तंजावर जिल्हा भातासाठी प्रसिद्ध आहे. मात्र जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पट्टुकोट्टै, पेरावुरणी आणि ओरत्तनाडू या भागांचे अर्थकारण नारळावर उभे आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या ‘गजा’ चक्रीवादळाने या पट्ट्यातील नारळबागा मोठ्या प्रमाणावर जमीनदोस्त केल्या. पडून कुजणारे खोड हे गेंड्या भुंग्याचे आवडते प्रजननस्थान असल्यामुळे अशा वादळानंतर उरलेल्या झाडांवर कीड वाढते. त्या झाडांचे शेंडे साफ करणे, पानांच्या बेचक्यांत वाळू व डांबरगोळ्या भरणे, भुंगे आकड्याने ओढून काढणे ही कामे त्यामुळे वाढतात. या प्रत्येक कामासाठी कोणाला तरी झाडावर चढावे लागते.

उंच जातीचे पूर्ण वाढलेले नारळाचे झाड १५ ते २० मीटर उंच जाते. आम्ही कीटकशास्त्रज्ञ शिफारस कागदावर लिहितो. ती शेंड्यापर्यंत नेणारा माणूस मात्र पायातील दोराच्या आधाराने वर जातो. गोव्यात व दक्षिण कोकणात ज्याला पाडेली म्हणतात, तोच हा माणूस. तंजावर काय किंवा रत्नागिरी काय, तो खाली पडला तर पहिली दहा-पंधरा मिनिटे त्याच्याजवळ डॉक्टर नसतो. बागमालक, सोबतचे मजूर आणि कधी कधी विस्तार कार्यकर्ता एवढेच लोक तेथे असतात. त्या वेळी त्यांनी काय करावे आणि काय टाळावे, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. आंब्याच्या झाडावरून, माळ्यावरून किंवा ट्रॅक्टरवरून पडलेल्या व्यक्तीलाही हीच पद्धत लागू पडते.

एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा पहिला नियम आपण शेतीशाळेत शिकवतो : आधी पाहणी, मग उपाय. अपघाताच्या जागी नेमके उलटे घडते. चार हात धावून येतात, जखमीला बगलेत धरून उठवून बसवतात, तोंडाला पाणी लावतात, वाकडा पाय ओढून सरळ करतात आणि मोटारसायकलवर मधे बसवून नेतात. हेतू चांगला असला तरी पडण्याने न झालेली इजा या उचलण्याने होऊ शकते. मणक्याचे हाड मोडलेले असूनही मज्जारज्जू शाबूत असलेला माणूस चुकीच्या हाताळणीने कायमचा पांगळा होण्याचा धोका असतो.

पहिली दोन मिनिटे

प्रथम जागा पाहावी. अर्धवट तुटलेली झावळी किंवा सुटलेला घड वर लोंबत आहे काय, विजेची तार तुटली आहे काय, गांधीलमाश्या किंवा मधमाश्या उठल्या आहेत काय, हे दहा सेकंदांत पाहता येते. तारेचा संशय असेल तर वीजपुरवठा बंद होईपर्यंत जखमीला स्पर्श करू नये. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. महाराष्ट्र व तमिळनाडू या दोन्ही राज्यांत रुग्णवाहिकेसाठी हाच क्रमांक आहे. बागेचे नाव, जवळची खूण आणि ‘उंचावरून पडला आहे’ हे शब्द स्पष्ट सांगावेत. रस्त्यावर एक माणूस उभा करावा. बागेतील वाट रुग्णवाहिकेच्या चालकाला ठाऊक नसते.

यानंतर जखमीची पाहणी पुढील क्रमाने करावी.

१. जोराचा रक्तस्राव. रक्त उसळत किंवा धारेने वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने सतत दाब द्यावा. मधेच उचलून पाहू नये. हाता-पायाचा रक्तस्राव दाबूनही थांबत नसेल तरच जखमेच्या वर, सांधा टाळून, चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा घट्ट आवळावा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. तो रुग्णालयातच सोडला जावा. दोरी, तार किंवा सुतळी वापरू नये. ती मांसात रुतते.

२. श्वास. जखमी बोलत असेल तर श्वासमार्ग मोकळा आहे. बेशुद्ध असेल तर मान मागे न वाकवता खालचा जबडा दोन्ही बाजूंनी पुढे उचलावा. उलटी होत असेल तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून सर्वांनी मिळून त्याला कुशीवर वळवावे. श्वास चालू नसेल तर मणक्याची भीती बाळगून थांबू नये. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देण्यास सुरुवात करावी. जीव वाचवणे आधी, मणका नंतर.

३. रक्ताभिसरण. त्वचा थंड व घामेजलेली, नाडी जलद व क्षीण, जखमी बेचैन किंवा ग्लानीत असेल, तर बाहेर रक्त दिसत नसले तरी आत रक्तस्राव होत आहे असे समजावे. त्याला आडवेच ठेवावे आणि चादरीने झाकून ऊब द्यावी. पाणी, चहा, नारळपाणी यांपैकी काहीही देऊ नये. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागल्यास पोटातील द्रव श्वसनमार्गात जाण्याचा धोका असतो.

मणका मोडला आहे असेच धरून चालावे

उंचावरून पडलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या मणक्याला इजा झाली आहे, असे डॉक्टर नाही म्हणेपर्यंत गृहीत धरावे. एकाने जखमीच्या डोक्याशी गुडघे टेकून बसावे, दोन्ही तळहातांनी डोके स्थिर धरावे आणि त्याला सांगावे, ‘हलू नकोस, मान वळवू नकोस, तोंडाने उत्तर दे.’ मग चार प्रश्न विचारावेत : मानेत किंवा पाठीत दुखते काय? हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा आहे काय? पायाची बोटे हलतात काय? मी स्पर्श केला तो कोणत्या पायाला? बोटे हलत नसतील किंवा स्पर्श कळत नसेल तर ही बाब रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना सर्वांत आधी सांगावी.

रुग्णवाहिका येणार असेल तर जखमीला हलवू नये. ती येणे शक्यच नसेल, तर पाच माणसे हवीत. डोके धरणारा हुकूम देतो. तिघे एकाच बाजूला खांदा, कंबर आणि गुडघे धरून बसतात आणि हुकुमासरशी शरीर एकाच वेळी, ओंडक्यासारखे, कुशीवर वळवतात. पाचवा पाठीखाली फळी किंवा काढलेले दार सरकवतो. बाज किंवा झोळी वापरू नये. ती मधे खचते आणि मणका वाकतो. फळीवर डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले कापड लावून कपाळ व छाती, कंबर, गुडघे येथे पट्ट्यांनी बांधावे. छातीवरची पट्टी श्वास अडवणारी नसावी.

हाड मोडले हे कसे ओळखावे

अस्थिभंगाची लक्षणे पाहून आणि विचारून कळतात. एका ठिकाणी तीव्र वेदना, दाबल्यास दुखणे, सूज, आकारात फरक, एक पाय आखूड दिसणे, अवयव उचलता न येणे ही ती लक्षणे होत. हाडांची करकर ऐकू येते काय हे पाहण्यासाठी अवयव मुद्दाम हलवू नये. मुका मार आणि अस्थिभंग यांत फरक करता येत नसेल तर अस्थिभंग आहे असे समजूनच वागावे. हाताची बोटे हलतात म्हणून हाड शाबूत आहे, हा समज चुकीचा आहे.

पडण्याच्या पद्धतीवरून इजेचा अंदाज बांधता येतो. पायांवर पडलेल्याच्या टाचेची हाडे मोडतात आणि तोच आघात वर चढून कमरेच्या मणक्यापर्यंत जातो. म्हणून टाच दुखते असे सांगणाऱ्याची कंबर तपासल्याशिवाय त्याला उभे करू नये. तोल सावरण्यासाठी हात पुढे टेकलेल्याचे मनगट, कोपर किंवा खांद्याचे हाड मोडते. कुशीवर पडलेल्याच्या बरगड्या, खुबा व कटीची हाडे धोक्यात असतात.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले तर त्वचेवर ओरखडाही नसताना १ ते १.५ लिटर रक्त मांडीतच साचू शकते. कटीच्या हाडांचा भंग याहूनही गंभीर असतो. म्हणून ‘रक्त तर दिसत नाही’ हे समाधान खोटे ठरू शकते. कटीभंगाचा संशय असेल तर कंबर दाबून किंवा हलवून पाहू नये. लुंगी, धोतर किंवा चादर यांची रुंद घडी गुडघ्यांच्या मागील पोकळीतून घालून हळूच वर सरकवावी, खुब्याच्या बाहेर हाताला लागणाऱ्या उंचवट्यांच्या पातळीवर आणावी आणि तेथे घट्ट बांधावी. पोटावर किंवा कमरपट्ट्याच्या जागी बांधल्यास तिचा उपयोग होत नाही. दोन्ही पाय मधे कापड ठेवून एकत्र बांधावेत.

हाड बाहेर दिसत असेल तर

अस्थिभंगाच्या जागी जखम असेल तर तो उघडा अस्थिभंग होय. बागेतील माती व शेणखत यांतून जंतू थेट हाडापर्यंत पोहोचतात. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. हळद, चुना, कॉफीची पूड, झाडपाला यांपैकी काहीही जखमेत भरू नये. रुग्णालयात ते काढण्यातच वेळ जातो. जखम निर्जंतुक गॉजने, ते नसल्यास धुतलेल्या स्वच्छ कापडाने झाकावी. रक्तस्राव होत असल्यास हाडाच्या टोकावर न दाबता कडेने दाब द्यावा. या रुग्णाला प्रतिजैविकाचा पहिला डोस लवकरात लवकर, शक्यतो तासाभरात, मिळणे महत्त्वाचे असते. धनुर्वाताच्या लसीचीही गरज असते. म्हणून त्याला दुसऱ्या दिवसाची वाट पाहत घरी ठेवू नये.

आधार देण्याची रीत

रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मोडलेल्या अवयवाला आधार द्यावा. हाड मोडले असेल तर त्याच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे स्थिर करावेत, हा मूळ नियम आहे. नळीचे हाड मोडल्यास गुडघा व घोटा दोन्ही बांधले जातात. बांबूच्या कामट्या, झावळीचा सरळ देठ, जाड पुठ्ठा यांपैकी काहीही चालेल; मात्र त्वचेला लागून कापडाची मऊ गादी हवी. गाठी मोडलेल्या जागेच्या वर व खाली माराव्यात, त्या जागेवर नव्हे. अवयव ज्या स्थितीत आढळला त्याच स्थितीत बांधावा. निखळलेला खांदा किंवा कोपर जागेवर बसवण्याचा प्रयत्न करू नये. सांध्याजवळून जाणारी रक्तवाहिनी व चेता त्यात दुखावली जाऊ शकते. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, मनगटातील धागे सूज येण्याआधी काढावेत.

बांधण्यापूर्वी आणि बांधल्यानंतर, दोन्ही वेळा, टोकाची बोटे पाहावीत. बोट गरम आहे काय, रंग नेहमीसारखा आहे काय, स्पर्श कळतो काय, हलते काय? नख दाबून सोडल्यावर साधारण २ सेकंदांत लाली परत यावी. लाली परतत नसेल तर पट्टी सैल करावी. सैल करूनही बोटे थंड व निळसर राहिली तर रक्तपुरवठा तुटला आहे असे समजावे. ही सर्वाधिक तातडीची स्थिती होय, कारण रक्ताविना स्नायू साधारण ६ तासांतच कायमचे निकामी होऊ लागतात.

घट्ट पट्टीचा धोका आणि सुश्रुताचा इशारा

तमिळनाडूत हाडवैद्याच्या ‘पुत्तूर कट्टू’ या पट्टीवर अनेकांचा विश्वास आहे. महाराष्ट्रातही गावोगावी हाडवैद्य आहेत. या परंपरेचा अनादर करण्याचे कारण नाही, परंतु ताज्या अस्थिभंगावर घट्ट पट्टी बांधली जाते तेव्हा आत सूज वाढत असते आणि बाहेर पट्टी ताणत नाही. स्नायूंच्या बंद कप्प्यातील दाब वाढतो व रक्तप्रवाह थांबतो. वेदना इजेच्या मानाने फार वाढणे, बोटे दुसऱ्याने हळूच सरळ केल्यास असह्य कळ येणे, बधिरपणा ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी पट्टी ताबडतोब सोडून रुग्णाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. सकाळची वाट पाहिल्यास हात किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

हा विचार आपल्या परंपरेबाहेरचा नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेच्या अध्यायात पट्टी फार सैल असल्यास सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट असल्यास सूज, वेदना व पाक होतो, असे स्पष्ट सांगितले आहे. पट्टी किती दिवसांनी बदलावी याचे ऋतुमानानुसार अंतर तेथे दिले आहे. मांडी किंवा नळी मोडलेल्या रुग्णाला ‘कपाटशयन’, म्हणजे फळीवर निजवणे, सांगितले आहे. फळीला पाच खुंट्या असाव्यात, सांध्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि तळव्याशी एक, जेणेकरून भग्न भाग हलणार नाही. वरचा व खालचा सांधा स्थिर करण्याचा आजचा नियम आणि या खुंट्यांची योजना यांत तत्त्वाचा फरक नाही.

सोबत द्यावयाची चिठ्ठी

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी ‘धन्वंतरी महाल’ चालवला. तेथे देशी व पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींच्या उपचारांचा अभ्यास होत असे. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या लेखी नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. रुग्णाची स्थिती लिहून ठेवली तरच पुढच्या उपचाराला आधार मिळतो, हे त्या नोंदी दाखवतात. बागेतील अपघातालाही हे लागू आहे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत जखमी बेशुद्ध झालेला असू शकतो आणि सोबत आलेल्या माणसाने त्याला पडताना पाहिलेले नसते. म्हणून कागदावर किंवा मोबाइलवर पुढील बाबी लिहाव्यात : पडल्याची वेळ, अंदाजे उंची, प्रथम कोणता भाग टेकला, मधे शुद्ध हरपली काय, पडल्यावर लगेच पाय हलत होते काय, पट्टा बांधला असल्यास वेळ, शेवटचे खाणे केव्हाचे, चालू औषधे. पडल्यावर पाय हलत होते आणि आता हलत नाहीत, ही माहिती शल्यचिकित्सकाचा निर्णय बदलू शकते.

पहिले तीन दिवसही सावध राहावे. मोठे हाड मोडलेल्या रुग्णाला अचानक धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा अंगावर बारीक लाल ठिपके उठले, तर मज्जेतील चरबी रक्तात मिसळल्याचा संशय धरून त्वरित डॉक्टरांना कळवावे.

झाड चढण्यायोग्य आहे काय?

हा प्रश्न आपल्या विषयाचा आहे. १९५२ मध्ये तंजावर जिल्ह्यात प्रथम नोंदला गेलेला ‘तंजावर मर’ हा गॅनोडर्मा बुरशीचा रोग मुळे व बुंधा कुजवतो. बुंध्यातून लालसर तपकिरी द्रव पाझरताना दिसला तर झाडाची पकड कमकुवत झाली आहे असे समजावे. सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. खोडावरील छिद्रे, चावलेले तंतू, चिकट स्राव ही त्याची खूण होय. अशा झाडावर चढू नये व कोणाला चढवू नये. चढण्यासाठी खोडात पाडलेल्या खाचा याच भुंग्याला अंडी घालण्यास जागा देतात, त्यामुळे त्या टाळाव्यात. पावसाने शेवाळलेल्या खोडावर काम थांबवावे.

चढणे कमी करणारे उपाय आधी वापरावेत. बागेतील कुजकी खोडे नष्ट करणे, शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशीचा वापर आणि कामगंध सापळे ही कामे जमिनीवरून होतात. चढावेच लागले तर चेंबेरी पद्धतीचे किंवा तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे बसून चढण्याचे यंत्र सुरक्षा पट्ट्यासह वापरावे. पट्ट्यात लटकून राहिलेल्या व्यक्तीला मात्र शक्य तितक्या लवकर खाली आणून आडवे करावे. नुसते लटकणेही घातक ठरते.

आर्थिक संरक्षण

नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही विमा योजना झाडावर चढणाऱ्यांसाठीच आहे. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये आणि एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. तिचा लाभ मात्र खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरता आहे. झाडावर चढणारा बहुधा भूमिहीन असतो आणि या योजनेच्या बाहेर राहतो. म्हणून बागमालकांनी व शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आपल्या पाडेल्यांचा विमा हंगामाआधी उतरवावा.

विस्तार कार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. पुढील शेतीशाळेत कीड ओळखण्याचा तास संपल्यावर अर्धा तास राखून ठेवावा. एका तरुणाला जमिनीवर निजवून पाच जणांकडून त्याला ओंडक्यासारखे वळवून फळीवर घेण्याचा सराव करून घ्यावा. स्थानिक प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना या सरावासाठी बोलवावे. बागेच्या शेडमध्ये एक सरळ फळी, चार रुंद पट्टे, स्वच्छ चादर आणि गॉजचे पाकीट कायम ठेवावे. फवारणी पंप जेथे ठेवला जातो, तेथेच हे साहित्यही असावे.